खालच्या मजल्याचं कार्ड

त्या माणसाची नोकरी घालवायची, हे मी त्याला ओळखलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. कशी घालवायची ते सुचायला मात्र तीन वर्षं गेली, आणि सुचलं तेही माझ्या हुशारीने नाही. ऑफिसची इंटरनेटची लाइन रडायला लागली, म्हणून सुचलं.

आधी तो कोण ते सांगते. माझे बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे मागावर, दुसऱ्या पाळीला. संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. एके दिवशी गेटवर आरडाओरडा झाला, दगड पडले, टाईम ऑफिसच्या काचा फुटल्या. गेटवर कोण कोण होते त्यांची यादी द्या, असा वरून हुकूम आला. टाईम ऑफिसात, म्हणजे हजेरी मांडायच्या कचेरीत, तेव्हा एक तरुण कारकून होता, गिरगावात राहणारा, कडक इस्त्रीच्या शर्टाचा. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून बघायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. कपाटातून साचेखात्याचा संपाआधीचा मस्टर काढला आणि दुसऱ्या पाळीचं एक पान वरपासून खालपर्यंत जसंच्या तसं उतरवून दिलं. हे आम्हाला कसं कळलं? त्या यादीत एक माणूस असा होता, जो संप सुरू व्हायच्या आधीच वारला होता. मेलेल्या माणसाने गेटवर येऊन दगड मारले, अशी मिलच्या कागदावर नोंद होती आणि अक्षर म्हणे मोत्यासारखं होतं.

बाबांचं नाव त्याच पानावर होतं. त्या दिवशी बाबा मुंबईत नव्हते. आजी गेली होती म्हणून गावी गेले होते, तेरावं करून परतले. जाण्यायेण्याची एसटीची तिकिटं, तारखेसकट, त्यांच्या खिशात होती. पुढे मिल अर्धीमुर्धी सुरू झाली आणि जुन्या माणसांना आत घेऊ लागले, तेव्हा यादीतल्यांना गेटवरच अडवलं. बाबा ती तिकिटं घेऊन टाईम ऑफिसच्या खिडकीशी गेले. मी बरोबर होते, आठ वर्षांची. आई तोवर कॉटन ग्रीनच्या गोदामात धान्य निवडायला जाऊ लागली होती आणि मला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती.

खिडकीचा कठडा बाबांच्या छातीपर्यंत होता. मला आतला माणूस दिसलाच नाही. गजांतून एक हात बाहेर आला, त्याने तिकिटं घेतली, थोड्या वेळाने तोच हात तिकिटं परत देऊन गेला. आणि आवाज आला, स्वच्छ, शाळेत धडा वाचतात तसा. "यादी वर गेली."

बाबांनी काहीतरी विचारलं. परत तोच आवाज. "सांगितलं ना, यादी वर गेली. पुढचा कोण?"

बाबांना पुन्हा कधी मिलमध्ये घेतलं नाही. लालबागला मसाल्याच्या कांडपावर ते कामाला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला मिरचीचा असा वास असायचा की मी आणि आई शिंकत सुटायचो, आणि त्यांचे डोळे बारा महिने लाल. आमच्या घरात ते तीन शब्द मात्र राहून गेले. दूध नासलं की बाबा म्हणायचे, यादी वर गेली. गणितात मी नापास झाले तेव्हाही तेच म्हणाले आणि हसले. ते हसू शकायचे. मला कधी हसू आलं नाही.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, त्यातही नेटवर्किंगचा, कारण त्याची फी त्यातल्या त्यात परवडणारी होती. दोन-तीन ठिकाणी वायरी ओढल्यावर एका बऱ्या ऑफिसात लागले. परदेशातल्या इमारतींचे नकाशे काढून देणारी कंपनी. ऑफिस कुठे, तर आमच्या डिलाईल रोडच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर, त्याच मिलच्या जागेवर बांधलेल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. साचेखातं होतं तिथे गाड्यांचं पार्किंग झालं होतं. वॉचमन मला रोज सलाम करायचा आणि मला रोज त्याचा राग यायचा. बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

कामाला लागून महिना झाला असेल. जेवणाच्या सुट्टीत अ‍ॅडमिनचा मुख्य माणूस सगळ्यांना गोष्टी सांगत बसला होता. पन्नाशीचा, गोरा, अजूनही कडक इस्त्रीचा. सगळे त्याला काका म्हणत. तो म्हणाला, "अरे, मी ह्याच कंपाऊंडमध्ये टाईम ऑफिसला होतो. मिलवाल्यांनी जागा विकली, पण मला काही जागेने सोडलं नाही. संपाच्या वेळच्या सगळ्या याद्या माझ्या अक्षरात आहेत, माहितीये?"

आवाज स्वच्छ होता, धडा वाचल्यासारखा. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. पोरं हसत होती. एकाने विचारलं, "काका, मग कोणी मारायला नाही आलं तुम्हाला?" तो म्हणाला, "कोण येणार? खिडकीला गज होते."

मी डबा बंद केला आणि सर्व्हररूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती खरोखर कशी जाते ते त्या दिवशी कळलं. त्याला काका मी कधीच म्हटलं नाही. पुढे समोरासमोर बोलताना "सर" म्हणायचे, आणि मनातल्या मनात तो.

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते उठून उभे राहतील, निदान एक शिवी देतील. ते बसल्या जागी पाय चोळत राहिले आणि म्हणाले, "तेचा काय चुकला? कारकून माणूस. वरसून सांगतत तसा लिवतलो."

"बाबा, मेलेल्या माणसाचं नाव लिहिलं होतं त्याने!"

"गप ऱ्हव. एकदा कागद वर गेलो, मगे तो तरी काय करतलो?"

मी गप्प राहिले, पण ऐकलं नाही. बाबांनी सोडून दिलं असेल तर त्यांच्या वाटचाही राग माझ्याकडे, असा माझा हिशेब होता. तीन वर्षं मी त्याच्यावर नजर ठेवून होते. माणूस कामाला चोख, वेळेवर येणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पकडायला कुठे कोपरा सापडेना. मी नुसती दातओठ खात बसायचे.

मग लाइन रडायला लागली. रोज सकाळी अकराच्या सुमाराला इंटरनेट असं मंदावायचं की एक पान उघडायला चहा पिऊन यावं. एक वाजला की आपोआप ठीक. वरच्या मजल्यावर चाळीसएक मुलं-मुली नकाशे काढत. खालच्या मजल्यावर अ‍ॅडमिन, रिसेप्शन आणि आमचे मोठे साहेब. एका सकाळी एका मोठ्या गिऱ्हाइकाला नकाशे पाठवायचे होते, ते ह्या अकरा ते एकमध्ये अडकले आणि वेळ टळली. साहेबांचं डोकं फिरलं. मला बोलावून म्हणाले, "कोणीतरी ऑफिसच्या लाइनवर मजा मारतंय. मला नाव पाहिजे. सॉफ्टवेअर लाव, काय लावायचं ते लाव, शुक्रवारपर्यंत नाव."

ऑफिसात कोण किती लाइन वापरतं ते मोजणारं सॉफ्टवेअर असतं. ते लावायला अवघड नाही. अवघड असतो तो त्याचा पहिलाच प्रश्न. आमच्या ऑफिसची सगळी ये-जा एका जुन्या मशीनमधून व्हायची. त्यात तीन नेटवर्क कार्डं होती. एक बाहेरच्या लाइनकडे, एक वरच्या मजल्याकडे आणि एक खालच्या. सॉफ्टवेअर सुरू केलं की ते एक यादी दाखवतं आणि विचारतं, ह्यातल्या कुठल्या कार्डावर कान लावू? तुम्ही सांगाल तिथलंच त्याला ऐकू येतं. शेजारच्या कार्डावरून हत्ती गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.

त्या यादीत सात नावं होती. एक जुन्या मोडेमचं, एक मशीन स्वतःशीच बोलतं त्याचं, दोन कुठल्यातरी सॉफ्टवेअरने बनवून ठेवलेली नुसती नावाची. आणि खरी तीन, तिन्ही एकाच कंपनीची, एकाच नावाची, शेवटी फक्त आकडा वेगळा. नवखा माणूस इथेच फसतो. पहिलं दिसेल ते निवडतो आणि दिवसभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो. मी नवखी नव्हते. एकेक वायर क्षणभर उपसून बघितली. पहिली उपसली तर वरून कोणीतरी ओरडलं, "ए, लाइन गेली!" म्हणजे ते वरच्या मजल्याचं. दुसरी उपसली तर रिसेप्शनवरून फोन आला. म्हणजे ते खालच्या मजल्याचं. उरलं ते बाहेरचं. कुठलं कार्ड कुठलं, ते मला पाच मिनिटांत कळलं होतं.

आता काय करायचं असतं तेही मला पाठ होतं, दुसऱ्यांना मीच शिकवायचे. बाहेरच्या कार्डावर सगळ्या ऑफिसचा पत्ता एकच दिसतो. तिथे एकूण किती गेलं ते कळतं, पण कोणाचं ते कळत नाही. म्हणून आधी तिथे एकूण बघायचं, मग आतली दोन्ही कार्डं तपासायची आणि बेरीज जुळते का ते बघायचं. ह्यात कुठे काही गूढ नाही.

मी खालच्या मजल्याचं कार्ड निवडलं. फक्त तेच. जुनं मशीन आहे, तिन्हीकडे कान लावले तर दमेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. खालच्या मजल्यावर त्याचं मशीन होतं आणि मला त्याचंच बघायचं होतं, एवढंच खरं. वरच्या मजल्यावर चाळीस जण होते, पण त्यांतल्या कोणी माझ्या बाबांचं काही बिघडवलं नव्हतं.

सकाळी अकराला पडद्यावर गोल चित्र आलं आणि त्यातला पाऊण भाग एकाच पत्त्याचा, लालभडक. त्याचा. तो दिवसभर कानाला हेडफोन लावून नाट्यसंगीत ऐकत बसायचा, ते इंटरनेटवरून यायचं. मी खुर्चीतून उठलेच. खालच्या मजल्यावर माणसं मोजकी, त्यांचं काम मेलचं, म्हणून त्याची गाणी त्या चित्रात एवढी मोठी दिसत होती. पण हे मी तेव्हा डोक्यात येऊच दिलं नाही. ते चित्र छापलं, खाली त्याच्या मशीनचा नंबर लिहिला, सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

साहेबांनी त्याला बोलावलं तेव्हा काचेतून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. तो सुरुवातीला हसत होता. मग त्याने कागद हातात घेतला, चष्मा लावला, वाचला. महिनाअखेर राजीनामा द्या आणि तोवर घरी बसा, असं सांगितल्याचं मला नंतर कळलं.

जाण्याआधी तो सर्व्हररूमच्या दाराशी आला. आत न येता उंबऱ्यावरच उभा राहिला.

"मॅडम, मी गाणी ऐकतो हे खरं आहे. नको ऐकायला होती. पण एवढ्याने अख्ख्या ऑफिसची लाइन बंद पडेल का हो? मला त्यातलं कळत नाही. परत एकदा बघता का?"

ह्या क्षणासाठी मी वीस-बावीस वर्षं थांबले होते. मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "रिपोर्ट वर गेला."

"नाही, पण एकदा नुसतं..."

"सांगितलं ना सर, वर गेला."

मला वाटलं होतं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल. काही हललं नाही. त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही. "बरं," म्हणाला आणि डब्याची पिशवी घेऊन गेला. मला तेवढंच जरा कमी पडलं. बाकी सगळं गोड होतं, इतकं गोड की मी दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा आधी त्यांचा विश्वास बसेना. "खरा सांगतस?" तीनदा विचारलं. मग आईला हाक मारली. "ऐकलंस काय गो? तेका घालवल्यान आमच्या चेडवान." ज्या माणसाने मला गप राहायला सांगितलं होतं तोच आता घरभर फिरत होता. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि चाळीच्या टोकाला साचेखात्यातली दोघं-तिघं म्हातारी बसायची त्यांना सांगायला गेले. येताना सुरमई घेऊन आले. आईने तळली. जेवताना बाबा मध्येच थांबून माझ्या पाठीवर हात ठेवायचे आणि परत जेवायला लागायचे. त्यांचा हात इतका हलका मी कधी अनुभवला नव्हता.

सोमवारी तो आला नाही. त्याचं मशीन बंद होतं, टेबल आवरलेलं. अकरा वाजले आणि लाइन मंदावली.

मी घड्याळाकडे बघितलं, त्याच्या बंद मशीनकडे बघितलं. वरून पोरं ओरडायला लागली. साहेब केबिनमधून बाहेर डोकावले, तेव्हा मी म्हणाले, "बाहेरून प्रॉब्लेम असेल, बघते." सर्व्हररूममध्ये जाऊन तीच यादी उघडली आणि ह्या वेळी बाहेरचं कार्ड निवडलं. लाइन काठोकाठ भरलेली. खालच्या मजल्याचं निवडलं. जवळजवळ काहीच नाही. वरच्या मजल्याचं निवडलं आणि सगळं तिथे होतं. चाळीसच्या चाळीस मशीन एकाच वेळी बाहेरून एकच फाइल ओढत होती. व्हायरस पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची रोजची नवी फाइल. ते सॉफ्टवेअर चाळिसांवर मी बसवलं होतं. ती फाइल एकदाच आणून आतल्या आत वाटायची, अशी सोय त्यात असते. ती मी लावली नव्हती. अकराची वेळही मीच टाकली होती, सगळे कामाला बसलेले असतात म्हणून.

म्हणजे लाइनवर मजा मारणारी मीच होते.

ती सोय लावायला मला वीस मिनिटं लागली. एकाही माणसाला न सांगता लावली. मंगळवारी अकराला लाइन स्वच्छ वाहत होती, बुधवारीही. साहेब जाता जाता म्हणाले, "बघितलंस? माणूस गेला आणि लाइन सुधारली." मी मान हलवली. माझ्यावर कोणाला कधीच संशय येणार नव्हता. त्याच्या गाण्यांमुळे लाइन बंद पडत होती, हे आता ऑफिसात सगळ्यांना पटलेलं होतं.

चार दिवस मी गप्प बसले. ह्या चार दिवसांबद्दल मी काही नाटक करणार नाही. मला त्याची दया वगैरे आली नाही. गिरगावातल्या घरात तो कसा बसला असेल, बायकोला काय सांगितलं असेल, हे मनात यायचं आणि बरं वाटायचं. बस घरी, असं म्हणायचे मी. आम्ही बसलो तसा बस. खुपत होतं ते वेगळंच. त्याने बाबांना ज्या कागदावरून घालवलं तो खोटा होता, आणि मी त्याला ज्या कागदावरून घालवलं तोही खोटा. मला त्याला त्याच्या पापासाठी घालवायचं होतं. माझ्या अकराच्या फाइलसाठी घालवून मला काय मिळालं? आणि उद्या जेवणाच्या सुट्टीत कोणी मलाही विचारलं, की तो कागद कोणी लिहिला होता, तर खाली सही माझी होती. त्याच्या पंगतीला बसायची माझी तयारी नव्हती. ह्याला कोणी चांगुलपणा म्हणू नये. तो राग होता, फक्त तोंड दुसरीकडे फिरवून बसलेला.

शुक्रवारी दुपारी साहेबांना मेल लिहिला. चुकीचं कार्ड तपासलं, दोष माझ्या सेटिंगचा होता, त्यांचा नाही. दोन ओळी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मला चांगलंच फैलावर घेतलं आणि सर्व्हररूमची किल्ली दोन महिने काढून घेतली. मग त्यांनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला. सोमवारपासून या म्हणाले. माफ करा असंही म्हणाले.

सोमवारी तो आल्या आल्या माझ्या टेबलाशी आला. दोन्ही हात जोडून. "मॅडम, तुम्ही स्वतःची चूक स्वतः सांगितलीत. आजकाल कोण सांगतं? तुमचे उपकार आहेत."

त्याचे ते जोडलेले हात मला बघवेनात. मी म्हणाले, "माझे बाबा इथे साचेखात्यात होते, दुसऱ्या पाळीला. गेटवरच्या दंग्याच्या यादीत तुम्ही त्यांचं नाव घातलंत. ते गावी होते. तिकिटं घेऊन तुमच्या खिडकीशी आले होते, तुम्ही ती हातात घेतलीत. मी शेजारी उभी होते."

त्याचा रंग उतरला. आजूबाजूची माणसं बघायला लागली तेव्हा आवाज खाली आणून म्हणाला, "अहो, वरून हुकूम आला होता. आमच्या हातात काय होतं?"

आणि खरं सांगते, मला ते पटल्यासारखं झालं. बाबाही हेच म्हणायचे. तो त्याच्या टेबलाकडे गेला आणि मी माझ्या कामाला लागले. त्या दिवसानंतर त्याने गाणी कधी लावली नाहीत.

घरी सांगणं सर्वांत अवघड होतं. बाबा कांडपावरून येऊन हातपाय धुऊन बसले होते. आई आत भाकऱ्या करत होती. मी म्हणाले, "तो परत आला."

"परत इलो? कोणी आणल्यान?"

"मी."

सगळं सांगितलं. कार्ड, चाळीस मशीन, अकराची फाइल. त्यांना त्यातलं कितपत कळलं देव जाणे, पण ते न हलता ऐकत होते. तो काय म्हणाला तेही सांगितलं, की आमच्या हातात काय होतं. मला वाटलं बाबा चिडतील, चाळीच्या टोकाच्या म्हाताऱ्यांना आता काय तोंड दाखवू म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं,

"चूक तुझी व्हती?"

"हो."

"मगे तू काय केलंस?"

"साहेबांना लिहून दिलं. दोन ओळी."

"आणि तो कागद? वर गेलेलो ना?"

"गेला होता. साहेबांनी फाडला."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "कितको येळ लागलो तुका?"

"कशाला?"

"लिवूक."

"पंधरा मिनिटं. त्यातली दहा मी नुसतीच बसून होते."

"पंदरा मिन्टा," बाबा म्हणाले. मग परत, स्वतःशी, "पंदरा मिन्टा."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आतून आईने जेवायला हाक मारली, ते उठले नाहीत. बोलले तेही भिंतीकडे बघतच. "वर गेलेलो कागद खाली येणा नाय, इतकी वर्सा मी हेच धरून बसलंय. कोणाच्यानच काय झाला नसता, असा समजून गप ऱ्हवलंय. आणि तेका पंदरा मिन्टा लागली असती."

मी त्यांच्या पायाला हात लावला तर त्यांनी पाय आखडून घेतला.

"तेका काढ," ते म्हणाले.

"काय?"

"परत काढ तेका. ह्या येळेक खरा काय ता शोध, आणि काढ."

मी शोधलं. किल्ली परत मिळाल्यावर पुढची किती वर्षं शोधलं. तिन्ही कार्डांवर कान लावले, बेरीज जुळवून बघितली. तो माणूस वेळेवर यायचा, कामाचे मेल पाठवायचा आणि वेळेवर जायचा. साठी झाली तेव्हा ऑफिसने त्याला हार घातला आणि रांगेत उभं राहून मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. बाबा त्या हाराच्या दोन वर्षं आधी वारले. ज्यांनी इतकी वर्षं त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढला नव्हता, ते त्या दिवसापासून जाईपर्यंत मी कामावरून आले की दारातच विचारायचे, "गेलो काय गो तो?" मी चपला काढत म्हणायचे, "नाही, बाबा."